स्मृतिपरीक्षकांस अनावृत पत्र

भनपुरी, रायपूर (छत्तीसगड)

भारतातील मेंदूविकारतज्ज्ञ, तसेच स्मृती व आकलन यांच्या ऱ्हासाचे निदान करणाऱ्या चाचण्यांचे रचनाकार व संशोधक, यांस



आपणांपैकी कोणाशीही माझा व्यक्तिशः परिचय नाही, आणि ज्या शास्त्राविषयी हे पत्र लिहीत आहे त्याची पदवी माझ्यापाशी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर रस्त्याला लागून, आरा मिलांची, मालवाहू ट्रकांची आणि धर्मकाट्यांची भनपुरी म्हणून जी वस्ती आहे, तेथील एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून उमेदीची सारी वर्षे घालवून आता घरी बसलेला मी एक मराठी गृहस्थ आहे. आमचे घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे. नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच मध्य प्रांताच्या अमलाखाली असताना आजोबा चाकरीनिमित्त इकडे आले, १९५६ साली प्रांतांची फेरमांडणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले व रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि पुढे २००० साली छत्तीसगड निराळे झाले. कचेऱ्यांवरचे फलक इतक्या वेळा बदलले, तरी आमच्या स्वयंपाकघरातली भाषा मराठीच राहिली. हा वंशवृत्तान्त येथे अप्रस्तुत वाटेल, परंतु माझ्या एका तक्रारीचे मूळ त्यातच असल्यामुळे तो सोसून घ्यावा, ही प्रार्थना.

पत्र लिहिण्यास निमित्त असे की, आमच्या घरातील दोन माणसांची स्मृती आपल्या शास्त्राच्या मापाने तपासली गेली, आणि दोन्ही वेळा मापाने जे सांगितले ते घरात आम्हांस डोळ्यांनी दिसत असलेल्या वस्तुस्थितीच्या नेमके विरुद्ध निघाले. एक प्रमाद योगायोग म्हणून सोडून देता येतो. पण एकाच मापाने एकदा कमी आणि एकदा जास्त दाखविले, म्हणजे माणसाला दोष देण्याआधी माप उलथेपालथे करून पाहावे, असा आमच्या पेशातला शिरस्ता आहे. म्हणून त्यानंतर हाती येईल ते वाचीत गेलो, समजेल तेवढे टिपून ठेवीत गेलो, आणि त्या टिपणांतून ही कैफियत तयार झाली. ती कोणा एका डॉक्टराविरुद्ध किंवा रुग्णालयाविरुद्ध नाही. बाहेरच्या बाकांवर आणि बाकांखालीही रुग्ण ताटकळत असताना एका म्हातारीसाठी दहा मिनिटे काढणारा तरुण डॉक्टर माझ्या लेखी आदरासच पात्र आहे; माझे भांडण त्याच्या हाती ज्यांनी तो छापील कागद दिला त्यांच्याशी आहे, आणि तेही भांडण म्हणण्यापेक्षा विनवणीच अधिक.

उपकार आधी मान्य केले पाहिजेत. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली तीस गुणांची छोटेखानी परीक्षा प्रसिद्ध केली, तोवर रुग्णाची बुद्धी शाबूत आहे किंवा कसे, याचा निवाडा पुष्कळदा डॉक्टराच्या अंदाजावरच होत असे, आणि एकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजाशी पडताळून पाहण्यास सर्वत्र रूढ झालेले साधन नव्हते. ते साधन त्यांनी दिले. पुढे सौम्य ऱ्हासही निसटू नये म्हणून नासरेद्दीन यांनी मॉन्ट्रियल येथे रचलेली परीक्षा २००५ मध्ये आली, जी आपण सर्व 'मोका' या लाडक्या नावाने ओळखता. खाटेशेजारी बसून, यंत्रावाचून, केवळ कागद-पेन्सिलीच्या बळावर मेंदूच्या आतल्या व्यवहाराचा माग काढता यावा, ही कल्पना निःसंशय थोर आहे. पण पेन्सिल धरता येणे हा माणसाचा उपजत गुण आहे, असे या कल्पनेने नकळत गृहीत धरले, आणि तेथेच आमच्या आईची गाडी अडली.

आई शाळेत एक दिवसही गेलेली नाही. पोस्टात ती आजही अंगठा उठविते. पण कोणत्या नातवाचा जन्म कोणत्या तिथीचा, कोणाच्या लग्नात कोणाकडून काय आहेर आला आणि त्याची परतफेड झाली की राहिली, याचा तिच्यापाशी जो पक्का तपशील आहे तो माझ्या कोणत्याही खातेवहीत सापडला नसता. एकदा ती चक्कर येऊन पडली, म्हणून शहरातील एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात तिला नेले. तेथे निरनिराळ्या परीक्षांतले प्रश्न एकत्र छापलेला एक कागद पुढे ओढून, 'अम्मा' असे मोठ्या सौजन्याने संबोधीत डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले. आजची तारीख विचारली, आई म्हणाली, "नवमी." ती नवमीच होती, परंतु कागदावर तिथीला जागा नव्हती. शंभरातून सात वजा करीत जा, असे सांगितल्यावर तिने विचारले, "शंभर काय? रुपये का?" आणि या रास्त पृच्छेचे उत्तर देण्याची मुभा परीक्षकास नसल्यामुळे तोही प्रश्न बाद झाला. मग घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवावयास सांगितले. तिने पेन्सिल मुठीत धरली, कागदावर एक तुटके वर्तुळ उमटले, क्षणभर तिने त्याकडे पाहिले, आणि पेन्सिल माझ्या हाती देऊन म्हणाली, "तूच काढ रे, माझे हात राखेचे."

त्यानंतर एका मिनिटात आठवतील तितक्या जनावरांची नावे सांगण्यास फर्माविले गेले. आईने म्हटले: गाय, म्हैस, छेरी, कुकुर, बिलई, बैल, मुसवा, मांजर, बेंदरा. घरात मराठी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलण्यात जिचे आयुष्य गेले तिच्या डोक्यात जनावरे भाषावार निरनिराळ्या गोठ्यांत बांधलेली नसतात. ती येतील तशी येतात. डॉक्टर परप्रांतीचे होते. 'छेरी' (शेळी) आणि 'मुसवा' (उंदीर) या शब्दांशी त्यांची लेखणी थबकली आणि पुढे गेली. 'बिलई' आणि 'मांजर' ही एकाच प्राण्याची दोन नावे दोन भाषांतून आली. ती दोन मोजावयाची, एक मोजावयाची, की पुनरुक्ती झाली म्हणून तोच स्मृतिदोषाचा पुरावा धरावयाचा, याविषयी त्या कागदावर काहीच नियम नव्हता. शेवटी बेरीज तीसपैकी बारा झाली आणि मध्यम स्वरूपाच्या स्मृतिभ्रंशाचा संशय इंग्रजीत नोंदला गेला. परतताना आईने मला रिक्षातच विचारले की, मघाशी औषधाच्या दुकानात पाचशेची नोट मोडली तिचे उरलेले पैसे मोजून घेतलेस ना. मी घेतले नव्हते.

आता आपण म्हणाल की, शिक्षणाच्या उणिवेची सवलत आम्ही देतो. देता, हे मी वाचले आहे. 'मोका'च्या मूळ नियमानुसार ज्याचे शिक्षण बारा वर्षांचे किंवा त्याहून कमी त्याच्या बेरजेत एक गुण मिळवावयाचा. म्हणजे बारावीपर्यंत शिकून तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केलेल्या गृहस्थालाही एक गुण, आणि जिने पाटीला हात लावला नाही त्या माझ्या आईलाही एकच गुण! इतका समदृष्टी हिशेब मी माझ्या नोकरीत केला असता, तर मालकाने त्याच दिवशी माझ्या हाती शेवटचा पगार ठेवला असता. ज्या देशात साठीपुढच्या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर आहेत तेथे ही सवलत कमी पडते, हे आपल्याच नियतकालिकांतून आपणच लिहिले आहे. तरी कागदाच्या तळाशी तो एक गुण अजून तसाच छापलेला असतो.

दुसरी हकीकत वडीलबंधूंची. दादा रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झालेले, हिशेबात तल्लख, शब्दकोडी शाईने सोडविणारे. त्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांनी घड्याळ असे काढले की, परीक्षकाने ते सहकाऱ्यास दाखविले. शंभरातून सात वजा करीत ते दोन शिल्लक राहीपर्यंत थांबावयास तयार नव्हते. तीसपैकी अठ्ठावीस. "बाबूजी, आप एकदम ठीक हैं, उम्र के हिसाब से इतना तो चलता है," असे सांगून त्यांची बोळवण झाली. वहिनी बाहेर बाकावर बसून होती. तिला कोणी आत बोलाविले असते तर तिने सांगितले असते की, हे दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा देतात; निवृत्तिवेतन आले की पासबुक उघडून तीच रक्कम पुनःपुन्हा मोजतात; गुढियारीच्या ज्या बाजारात अर्धी हयात गेली, तेथून घरी यावयास परवा शेजारच्या मुलाचा हात धरावा लागला. तिला कोणी विचारले नाही. अठ्ठावीस गुणांचा दाखला घरात आल्यावर तिचेच म्हणणे खोटे पडले, दादा तर त्या कागदाचा हवाला देऊन तिच्यावरच रागावू लागले, आणि उपाययोजनेचा, निदान घरची व्यवस्था लावण्याचा, पैशाअडक्याची कागदपत्रे वेळीच नीट करण्याचा जो काळ होता तो पुष्कळसा वाया गेला.

हे दोन्ही प्रमाद एकाच उणिवेतून जन्मले, असे मला वाटते. आमच्या भनपुरीच्या धर्मकाट्यावर माल भरलेला ट्रक येतो तेव्हा तो रिकामा असताना किती भरला होता, हे आधी पाहतात. रिकाम्या ट्रकाची पावती नसेल तर भरल्या ट्रकाच्या वजनास कवडीची किंमत नाही, हे काट्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. आपण मात्र माणसाला आयुष्यात प्रथमच काट्यावर चढविता, आणि जो आकडा उमटेल त्याची तुलना तो पूर्वी काय होता याच्याशी न करता परदेशातल्या कोण्या अनोळखी माणसांच्या सरासरीशी करता. दादांचे अठ्ठावीस ही त्यांच्या पूर्वीच्या कुवतीच्या मानाने मोठी घसरण असू शकते, आणि आईचे बारा ही घसरण नसून तिचा जन्मभराचा, पेन्सिलीवाचूनचा, मुक्काम असू शकतो. दादांच्या पूर्वस्थितीची नोंद दप्तरी नव्हती, हे खरे. परंतु ती जिवंत रूपात बाहेर बाकावर बसलेली होती.

आणि या गोष्टी आपल्या शास्त्रास अज्ञात आहेत असेही नाही, म्हणूनच अधिक खेद होतो. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत भारत व अमेरिका यांच्या संयुक्त संशोधनात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी फोल्स्टीनची परीक्षा मुळापासून नव्याने घडविली आणि १९९५ साली ती हिंदी रूपात प्रसिद्ध केली. लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न काढून त्या जागी अक्षरशत्रू माणसालाही देता येतील असे प्रश्न घातले, तारखेच्या जोडीने दिवसाचा प्रहर विचारला, आणि हे सारे आधी खेडुतांवर पडताळून पाहिले. त्याच प्रकल्पातून रोजच्या व्यवहाराची एक प्रश्नावली निघाली. ती रुग्णास न विचारता घरच्या माणसास विचारावयाची होती: सणवार लक्षात राहतात काय, जेवण झाले हे विसरतो काय, लग्नकार्यासारख्या घरच्या बाबीत पूर्वीप्रमाणे मत देतो काय. वहिनीला बाकावरून उठवून आत आणणारी प्रश्नावली आपल्यापैकीच विद्वानांनी दोन दशकांपूर्वीच सिद्ध करून ठेवली आहे. ती दादांच्या तपासणीच्या वेळी त्या खोलीत का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही नियतकालिकात सापडले नाही.

उलट जे कागद खोल्यांतून फिरतात त्यांची स्थिती अशी की, १९७५ ची ती परीक्षा २००१ पासून अमेरिकेतील एका प्रकाशनसंस्थेच्या एकमेव परवान्याखाली गेली, आणि 'मोका' घेणाऱ्यास अलीकडे आधी शुल्क भरून प्रशिक्षणाचा दाखला मिळवावा लागतो. शिकून घ्यावे, हे योग्यच. परंतु गोरगरिबांच्या सरकारी दवाखान्यातले स्मृतीचे मापही परदेशच्या परवान्याने चालावे, हे मनाला पटत नाही.

भाषेची तक्रार येथे ओघाने आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपल्याच देशातील संशोधकांकरवी स्मृतिभ्रंशाच्या निदानाची एक पेटी तयार करविली, निरनिराळ्या शहरांत ती पडताळली, आणि अशा कामास दिलेला कोणताही रुपया वाया गेला असे मी म्हणणार नाही. ती प्रथम ज्या पाच भाषांत सिद्ध झाली त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. कोट्यवधी माणसे जी बोलतात, मुंबई-पुण्यासारखी वैद्यकाची माहेरघरे जिच्या मुलखात आहेत, त्या भाषेचा नंबर पहिल्या पंगतीत लागू नये याचे नवल वाटते, आणि त्याचा अर्धा दोष मी मराठी मुलखातील आपल्या व्यवसायबंधूंच्याच पदरात घालतो. छत्तीसगढीचे तर नावच नको. पण मराठी पुस्तिका उद्या छापून आली, तरी आमचे काम भागत नाही. रायपूरच्या मराठी म्हातारीची पुण्याच्या मराठी म्हातारीशी तुलना केली तर 'छेरी' आणि 'बिलई' पुन्हा निकालात निघतील. तेव्हा हैदराबादेत असलेल्या सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून असे दाखविले की, एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरीने साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक टिकून होता. ज्या गुणामुळे आईच्या मेंदूस काही वर्षांचे संरक्षण लाभले असण्याचा संभव आहे, त्याच गुणापायी परीक्षेत तिचे गुण कापले जातात. मिश्रभाषी रुग्णाने दिलेला प्रत्येक शब्द, तो कोणत्याही बोलीचा असो, मोजावा, आणि अर्थ न कळल्यास सोबतच्या माणसास विचारावे, एवढा एक नियम छापण्यास कोणत्या अनुदानाची वाट पाहावी लागते?

आमच्या वस्तीपुरती आणखी एक बाब आहे. येथे आरा मिलच्या पात्यापाशी उमर काढलेल्या कामगारांपैकी पुष्कळांचे कान गेलेले आहेत. समोरासमोर बसून बोलतानाही ते ओठांकडे पाहतात. अशा माणसास पंख्याच्या घरघरीत, दार उघडे असताना, मुखपट्टीआडून पाच शब्द सांगावयाचे आणि पाच मिनिटांनी ते त्याला आठवले नाहीत म्हणून स्मृती गेली असे लिहावयाचे, हा अन्याय आहे. जो शब्द कानातून आतच गेला नाही तो विसरला कसा जाईल? शिवाय बहिरेपण हे स्वतःच स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असे 'लॅन्सेट'ने नेमलेल्या मंडळाने सांगितले आहे. त्या मंडळाच्या २०२४ च्या अहवालात अशी चौदा कारणे आहेत, आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील स्मृतिभ्रंशाचे ४५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अदमास आहे. त्या यादीत अल्पशिक्षण आहे, रक्तदाब आहे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आहे, आणि दूषित हवाही आहे. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते त्या आम्हां लोकांत यांतील बहुतेक सर्व कारणे एकत्र नांदतात. मग संशोधनासाठी माणसे निवडताना आपली नजर महानगरांतील सुशिक्षित स्वयंसेवकांकडेच पुनःपुन्हा का वळते, हे समजत नाही. सोयीचे असेल. पण सोयीच्या माणसांवर बसविलेले प्रमाण गैरसोयीच्या माणसांना लावू नये.

मेंदूविकाराच्या इतर रुग्णांविषयी थोडेच लिहितो, कारण तेथे माझे वाचन अपुरे आहे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा हात उचलू लागला, पाय टेकू लागला, की तो बरा झाला असे सर्वजण धरून चालतात; त्याची हिशेबाची, योजनेची, दोन कामे एकदम सांभाळण्याची शक्ती परत आली की नाही, हे कोणी पाहत नाही, आणि तो पुन्हा कामावर जाऊन तेथे फजीत होतो. कंपवाताच्या रुग्णाची स्मृती प्रायः शेवटी ढासळते, विचाराची गती आणि आखणी आधी मंदावते, आणि ही गोष्ट फोल्स्टीनच्या परीक्षेत नीट पकडली जात नाही. घड्याळ काढताना थरथरणारा हात आणि गोंधळलेली बुद्धी यांतला भेद तर कोणत्याच बेरजेत दिसत नाही. जीवनसत्त्व ब१२ ची उणीव, अवटू ग्रंथीचा मंदपणा, डोक्यास मार लागून कवटीच्या आत साठलेले रक्त, खोल औदासीन्य, अशा उपचारसाध्य कारणांनीही बुद्धी झाकोळते. घरोघर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून जे सोडून दिले जाते, त्यातले काही गोळीने वा सुईने भरून निघण्याजोगे असते. निदान अचूक व्हावे असा आग्रह धरण्यामागे याच आशेचा मोठा भाग आहे.

हिशेबनीस म्हणून एक खटकलेली गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही. बल्लभगडच्या पाहणीत पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के निघाले. मुंबईतील, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याच वयोगटात ते २.४४ टक्के, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढील लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, त्यांतही पुरुषांपेक्षा बायका अधिक आणि शहरापेक्षा खेड्यात अधिक. काळ बदलला, आयुर्मान वाढले, हे मान्य. तरी एवढ्या मोठ्या तफावतीत रोगाचा वाटा किती, निदानाच्या व्याख्येचा किती, आणि पेन्सिलीचा किती, हे वेगवेगळे करून सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात आले नाही. बायकांत आणि खेड्यात प्रमाण जास्त, हे वाचताच माझ्या डोळ्यांपुढे आईचे तुटके वर्तुळ आले. त्या अभ्यासात निरक्षरांसाठी घडविलेलीच परीक्षा वापरली होती आणि घरच्यांनाही विचारले होते, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या आकड्यांवर मी अविश्वास दाखवीत नाही. फक्त वजाबाकी मांडून दाखवा, एवढेच म्हणतो.

आणखी एक तक्रार संशोधनाच्या रीतीची. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात संशोधनासाठी म्हणून रक्त घेतले गेले, मेंदूची चित्रे काढली गेली, कित्येक पाने भरून घेतली गेली, आणि इंग्रजी संमतिपत्रावर सही झाली. त्यातून काय निष्पन्न झाले, हे त्या घरी आजतागायत कळलेले नाही; निबंध प्रसिद्ध झाला असेल, कोणाची पदवी पार पडली असेल, आणि त्याचा कोणास मत्सर नाही. परंतु ज्याने स्वतःची विस्मृती आपल्या स्वाधीन केली त्याला एका पानाचे, त्याच्या भाषेतले, उत्तर धाडणे हा संशोधनाच्या खर्चाचाच भाग समजावा. आणि ज्याचे आकलनच शंकास्पद म्हणून तपासले जात आहे, त्याच्या सहीस संमती मानताना शेजारी बसलेल्या माणसासही वाचून दाखवावे, हे सांगावे लागू नये.

रक्ताच्या थेंबावरून अल्झायमरचा माग काढणाऱ्या नव्या चाचण्यांविषयी हल्ली वर्तमानपत्रांत फार लिहून येते. सुई शिक्षण विचारीत नाही, ही तिची मोठी थोरवी आहे, आणि आईसारख्यांना तिचा लाभ झाला तर मला आनंदच होईल. तरी मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात, या चाचण्यांत जे मोजले जाते त्या द्रव्याचे रक्तातील प्रमाण वाढलेले आढळते, असे आपणच लिहिता, आणि त्या विकाराची माणसे आमच्याकडे थोडी नाहीत. म्हणून येथले प्रमाण येथल्या रक्तावर बसवावे. शिवाय मेंदूत काय साचले हे रक्त सांगेल. दादा गुढियारीहून एकटे घरी येऊ शकतात की नाही, हे वहिनीच सांगेल.

आमच्या या राज्यात २००२ पासून मितानिन नावाच्या आरोग्यसेविका आहेत, ज्यांच्या अनुभवाचा आधार घेऊन पुढे देशभर 'आशा' नेमल्या गेल्या. त्या घराघरांत जातात, सून आणि सासू दोघींशी बोलतात, आणि 'छेरी' म्हणजे काय हे त्यांना विचारावे लागत नाही. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या नित्य व्यवहाराची दहा-बारा प्रश्नांची नोंद त्यांनी एकदा करून ठेवावी आणि दर दोन वर्षांनी ती ताजी करावी, अशी तजवीज झाली, तर रिकाम्या ट्रकाची पावती तयार राहील, आणि पुढे कोणी चक्कर येऊन पडले तर आपल्या हाती तुलनेस काहीतरी असेल. त्यांना त्याचा मोबदला मात्र द्यावा. त्यांच्या डोक्यावर फुकटची कामे आधीच पुष्कळ आहेत.

रायपुरात, मराठी व छत्तीसगढी अशा दोन्ही बोली बोलणाऱ्या निरक्षर वृद्धांवर, या परीक्षांचे प्रमाण नव्याने बसविण्याचा विचार आपल्यापैकी कोणीही करील, तर अशी माणसे शोधून काढण्याचे, त्यांना वेळेवर आणून बसविण्याचे आणि नोंदवह्या स्वच्छ ठेवण्याचे काम मी विनामोबदला करीन. निष्कर्ष त्या माणसांना त्यांच्या भाषेत कळविले जातील, एवढे मात्र आधी लिहून द्यावे.



आपला नम्र,
भनपुरीतील एक सेवानिवृत्त हिशेबनीस